एफ. वाय.च्या मुलांना ‘फ्रेशमन’ विचारणाऱ्या इंग्रजी अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
इंग्रजी अभ्यास मंडळ,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे

विषय : प्रथम वर्षाच्या इंग्रजीच्या पेपरातील शब्दसंग्रहाचे प्रश्न

सप्रेम नमस्कार.

मी माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, कला आणि वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाला इंग्रजी शिकवते. २०११ पासून, तासिका तत्त्वावर. आमच्या विद्यापीठाचं नाव मी घेत नाही. इतर विद्यापीठांत शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणींच्या प्रश्नपत्रिकाही मी मागवून पाहिल्या, आणि त्यांत थोड्याफार फरकाने तेच आढळलं. म्हणून हे पत्र सगळ्यांनाच आहे. आधी ते मी रीतसर वरती पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. नव्या आराखड्यात मात्र शब्दसंग्रहाच्या प्रश्नाचे गुण वाढून ५० पैकी १५ झालेले दिसले, तेव्हा गप्प बसणं मला जमेना.

गेल्या सत्रातली गोष्ट आहे. एका शब्दात उत्तर लिहायचं होतं : कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकणारा विद्यार्थी. माझ्या वर्गातल्या एका मुलीने लिहिलं, ‘एफ. वाय.’ तिच्या मागच्या बाकावरच्या मुलाने लिहिलं, ‘फ्रेशर’. दोन्ही उत्तरांवर लाल शाईची फुली होती. उत्तरसूचीत एकच शब्द होता, ‘फ्रेशमन’. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली म्हणून हे आम्हाला कळलं तरी. ती मुलगी कागद घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मॅडम, मी स्वतःच पहिल्या वर्षाला आहे. मला सगळे एफवायची म्हणूनच ओळखतात. मग माझं चुकलं कुठं?”

तिचं कुठे चुकलं हे मला सांगता आलं नाही. ‘फ्रेशमन’ हा मुख्यतः अमेरिकेतल्या कॉलेजांतला शब्द आहे. तिथे दुसऱ्या वर्षाचा तो ‘सोफोमोर’, तिसऱ्याचा ‘ज्युनिअर’ आणि चौथ्याचा ‘सीनिअर’. इंग्लंडमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलाला ‘फ्रेशर’ म्हणतात. आपल्याकडेही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ‘फ्रेशर्स पार्टी’ होते, आणि नोकरीच्या जाहिरातीत ‘फ्रेशर’ म्हणजे अनुभव नसलेला उमेदवार. एका शब्दामागे तीन देशांतल्या कॉलेजांचं बोलणं आहे. हे सगळं एका तासात शिकवता आलं असतं आणि मुलांनी ते कान देऊन ऐकलं असतं. त्या मुलाने लिहिलेला ‘फ्रेशर’ तर कुठल्याही इंग्रजी शब्दकोशात सापडतो. तरीही त्याला शून्य मिळालं.

त्या एका गुणाने ती मुलगी नापास झाली नाही. पण त्यानंतर वर्गात तिचा हात वर झाला नाही. मी सत्र संपेपर्यंत वाट पाहिली.

माझी पहिली तक्रार तुम्ही निवडलेल्या शब्दांबद्दल आहे. लग्नसंस्थेचा तिटकारा असणारा म्हणजे ‘मिसोगॅमिस्ट’, झोपेत चालणारा म्हणजे ‘सोम्नॅम्ब्युलिस्ट’, दारूला न शिवणारा म्हणजे ‘टीटोटलर’. वाक्प्रचारांत ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे आणि ‘कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे मुसळधार पाऊस. हे शब्द वाईट आहेत असं मी म्हणत नाही. इंग्रजी माझा आवडता विषय आहे आणि या शब्दांची व्युत्पत्ती सांगताना मला आजही आनंद होतो. पण मी वाणिज्य शाखेच्या मुलांची अकाउंट्सची, अर्थशास्त्राची, व्यवसाय व्यवस्थापनाची पुस्तकं घेऊन बसले आणि तुमच्या यादीतले शब्द त्यांत शोधले. ४० शब्द शोधले, एकही सापडला नाही. जो शब्द मुलाला परीक्षेआधी कधी भेटला नव्हता आणि नंतरही भेटणार नाही, तो पाठ करण्यात त्याच्या डिसेंबरच्या रात्री जातात.

दुसरी तक्रार माझ्या दृष्टीने सगळ्यांत गंभीर आहे. ज्या शब्दांपाशी ही मुलं रोज अडतात, ते शब्द कुणाच्याच अभ्यासक्रमात नाहीत.

पहिल्या वर्षाच्या मुलाच्या हातात जून-जुलैत काय काय पडतं ते पाहा. ‘बोनाफाइड’, ‘प्रोव्हिजनल’, ‘एलिजिबिलिटी’, ‘अंडरटेकिंग’, ‘अटेस्टेड’, ‘डोमिसाइल’, ‘गॅप सर्टिफिकेट’, ‘फ्रीशिप’. निकालाच्या वेळी ‘एटीकेटी’, ‘रिव्हॅल्युएशन’, ‘विथहेल्ड’. एटीकेटी हा शब्द आमच्या गावात रानात काम करणाऱ्या आईलाही माहीत आहे, पण त्या चार अक्षरांत ‘अलाउड टु कीप टर्म्स’ हे वाक्य आहे आणि त्याचा अर्थ पुढच्या वर्गात बसायची मुभा असा आहे, हे एटीकेटी लागलेल्या मुलालाही कुणी सांगितलेलं नसतं. माझ्या एका विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटीमुळे परत आला. ऑनलाइन शेरा होता ‘सेंट बॅक’. त्याने तो ‘पाठवला’ असा वाचला आणि अर्ज पुढे गेला म्हणून निर्धास्त राहिला. मुदत उलटून गेल्यावर त्याला कळलं. त्या वर्षी त्याचे वडील उसाची उचल घेऊन तोडीला गेले होते, आणि फी भरायला ते पैसे मोडावे लागले. याच मुलाला इंग्रजीच्या पेपरात एका शब्दाच्या प्रश्नाला ८ पैकी ७ गुण होते. ‘मिसोगॅमिस्ट’ त्याला येत होतं.

आता प्रश्नपत्रिकेच्या स्वतःच्या भाषेकडे या. अर्थशास्त्राच्या एका सरांनी मला एक उत्तरपत्रिका आणून दाखवली. प्रश्न होता ‘स्टेट द फीचर्स…’, म्हणजे वैशिष्ट्ये सांगा. मुलीने दीड पान राज्याच्या वैशिष्ट्यांवर लिहिलं होतं, कारण स्टेट म्हणजे राज्य एवढंच तिला ठाऊक. ‘अकाउंट फॉर’ म्हणजे कारणं द्या. वाणिज्यच्या मुलांना तिथे हिशेब दिसतो. ‘डिस्टिंग्विश’, ‘जस्टिफाय’, ‘इल्युस्ट्रेट’, ‘इव्हॅल्युएट’, ‘ब्रीफली’ हे शब्द दर सत्रात, प्रत्येक विषयात, प्रत्येक प्रश्नाच्या सुरुवातीला येतात. ज्याला ते कळत नाहीत तो मुलगा विषय येत असूनही चुकीचं उत्तर लिहितो. इंग्रजीचा पेपर त्याला ‘सोम्नॅम्ब्युलिस्ट’ विचारतो आणि ‘जस्टिफाय’ शिकवत नाही, याचं दुःख मी दरवर्षी पेपर तपासताना सोसते.

यावर कुणी आधी विचार केलेला नाही असंही नाही. मायकेल वेस्ट हे शिक्षणतज्ज्ञ ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावं यासाठी मोजके, वारंवार लागणारे शब्द आधी शिकवावेत, हा विचार त्यांनी तिथल्या अनुभवातून मांडला. १९५३ मध्ये त्यांची सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. पुढे २००० साली न्यूझीलंडमधल्या भाषाअभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय पुस्तकांत आणि लेखांत खरोखर कोणते शब्द पुन्हा पुन्हा येतात ते मोजून ५७० शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कुळ) यादी केली. त्यांच्या पाहणीतल्या मजकुरात दर १०० शब्दांमागे साधारण १० शब्द या यादीतले निघाले. तिचा पहिला भाग ६० शब्दकुळांचा आहे. मी तो वर्गात वाचून दाखवला : पॉलिसी, सेक्टर, इन्कम, एक्स्पोर्ट, लेबर, फॉर्म्युला, प्रोसेस, पीरियड, परसेंट. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. यातले कितीतरी शब्द त्यांच्या तोंडी आधीपासून आहेत. स्पेलिंग तेवढं येत नाही आणि वाक्यात बसवता येत नाही. पहिल्या सत्राची सुरुवात इथून का होत नाही?

इथे माझी तिसरी तक्रार येते. वर्गात मराठी वापरली की तो दोष मानला जातो. माझा तास पाहायला आलेल्या एका समितीने ‘मातृभाषेचा अतिवापर’ असा शेरा लिहिला. त्या दिवशी मी काय शिकवत होते ते सांगते.

मी फळ्यावर ‘रिकव्हरी’ लिहिलं आणि विचारलं, हा शब्द कुणी कुठे ऐकलाय? एक मुलगा म्हणाला, कारखान्याची रिकव्हरी. उसातून किती टक्के साखर निघाली ते. दुसरी म्हणाली, बँकेची रिकव्हरी, कर्जवसुलीला जीप येते ती. तिसरी म्हणाली, दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, आजीची रिकव्हरी चांगली आहे. मग मी विचारलं की या तिन्हींत सारखं काय? दोन मिनिटं शांतता होती. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, “गेलेलं किंवा आत असलेलं परत हाताला लागणं.” इतकी चांगली व्याख्या मला स्वतःला सुचली नसती. तिथून आम्ही ‘रिकव्हर’, ‘रिकव्हर्ड’, ‘रिकव्हरेबल’ असे गेलो आणि प्रत्येकाने आपल्या घरातलं एक वाक्य इंग्रजीत लिहिलं. सहा महिन्यांनी विचारलं तरी तो शब्द वर्गातल्या बहुतेकांना आठवत होता.

‘हायब्रीड’ ज्वारीमुळे माहीत आहे, ‘सबसिडी’ ठिबकमुळे, ‘सँक्शन’ कर्जामुळे, ‘सस्पेंड’ तलाठ्यामुळे किंवा कंडक्टरमुळे, ‘फेज’ रात्री येणाऱ्या विजेमुळे. आमच्या मुलांच्या घरात इंग्रजी शब्दांचं केवढं धान्य साठलेलं आहे! शब्दाचे अवयव ओळखायलाही मराठीच उपयोगी पडते. अन्याय, बेजबाबदार, गैरहजर, नाखूश यांत शब्दाआधी काय लागलंय ते मुलाला कळतं, मग ‘अनफेअर’, ‘इरिस्पॉन्सिबल’, ‘ॲबसेंट’, ‘डिसप्लीज्ड’ शेजारी लिहिले की ‘अन’, ‘इर’, ‘डिस’ त्याला परके वाटत नाहीत, आणि ‘ॲबसेंट’ या रांगेत वेगळा पडतो हेही तोच दाखवून देतो. ‘नापास’ हा शब्द मी मुद्दाम घेते, कारण त्यात फारसी ‘ना’ आणि इंग्रजी ‘पास’ एकत्र नांदताना दिसतात. हे सगळं मराठीवाचून कसं शिकवायचं, ते त्या समितीने मला सांगावं.

राज्याच्या भाषा संचालनालयाने अर्थशास्त्र, वाणिज्य आणि इतर कितीतरी विषयांचे परिभाषा कोश करून ठेवलेले आहेत. इंग्रजी संज्ञा आणि तिला मराठी पर्याय असं ते काम आहे, पिढ्यान्‌पिढ्या विद्वानांनी खपून केलेलं. प्रथम वर्षाच्या इंग्रजीच्या एकाही पाठात त्यांचा साधा उल्लेख मला आढळलेला नाही.

चौथी तक्रार परीक्षेच्या पद्धतीची आहे. शब्द एकटा विचारायचा, उत्तर एकच धरायचं, आणि उत्तरसूची तपासनिसाच्या हातात अशी द्यायची की त्याला मान हलवायलाही जागा राहू नये. याचा परिणाम म्हणून मुलं पाठ्यपुस्तक उघडत नाहीत, बाजारातलं गाइड घेतात आणि शेवटची तीन पानं पाठ करतात. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये विस्मरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठ केलेलं किती लवकर पुसलं जातं हे मोजण्यासाठी त्याने अर्थ नसलेले अक्षरगट वापरले होते, कारण अर्थ असला की लक्षात ठेवणं सोपं होतं. आपण आपल्या मुलांना खरे शब्द देतो, पण ते वाक्यातून, प्रसंगातून असे उपटून देतो की त्यांच्यासाठी ते तसेच अक्षरगट होऊन बसतात.

वेळेबद्दल थोडक्यात सांगते. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण आलं आणि पहिल्या सत्राचं इंग्रजी दोन श्रेयांकांचं, म्हणजे ३० तासांचं झालं. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या, गणपती आले, अंतर्गत परीक्षा आल्या. मला प्रत्यक्ष २१ तास मिळाले. एवढ्या तासांत काय शिकवायचं हे फार जपून ठरवायला हवं होतं.

मला दरवेळी एक प्रतिप्रश्न केला जातो : स्पर्धा परीक्षांत हेच विचारतात, मग आम्ही काय करणार? विचारतात, हे खरं आहे. तलाठी भरतीच्या परीक्षेत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते आणि त्यांत समानार्थी, विरुद्धार्थी, एका शब्दाचे प्रश्न येतात. माझीही मुलं ती परीक्षा देतात. पण पदवीच्या पहिल्या वर्षाला येणारी सगळी मुलं काही तलाठी होणार नाहीत, आणि जी होतील त्यांनाही आधी वाक्य वाचता यायला हवं. त्या तयारीसाठी हवा तर वेगळा ऐच्छिक अभ्यासक्रम ठेवा. मी तोही आनंदाने शिकवेन.

हे सगळं मला इतकं का लागतं, तेही सांगते. मी पाचवीत गेल्यावर एबीसीडी शिकले. आमच्या वेळी सगळ्यांचंच तसं होतं. २००० साली सरकारने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. ती पहिलीतली मुलं २०१२ साली माझ्या वर्गात आली, तेव्हा मी फार आशेने वर्गात गेले होते. वाटलं होतं, आपल्याला जे खड्डे पडले ते यांना नसतील. बारा वर्षं इंग्रजी शिकून आलेल्या त्या मुलांना मी एक साधा अर्ज लिहायला सांगितला. ६२ जणांपैकी ९ जणांनी स्वतःचं वाक्य लिहिलं, बाकीच्यांनी पाठ केलेला अर्ज लिहिला. त्यात गावाचं नावसुद्धा पुस्तकातलंच होतं. ती मुलं मंद नव्हती. बारा वर्षं त्यांची परीक्षाच तशी घेतली गेली होती, आणि आपण तेरावं वर्ष त्यालाच जोडलं.

माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना पैसा लागत नाही.

पहिल्या सत्रासाठी ठरावीक शब्दांची एक यादी अभ्यास मंडळाने स्वतः करावी आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत ठेवावी. तिच्यात प्रश्नपत्रिकेतली सूचनादर्शक क्रियापदं असावीत, प्रवेश-परीक्षा-शिष्यवृत्तीच्या कागदांतले शब्द असावेत, आणि विद्यापीठीय लेखनात वारंवार येणारे शब्द असावेत. प्रत्येक शब्दापुढे मराठी अर्थ, देवनागरीत उच्चार आणि इथल्या जगण्यातलं एक वाक्य असावं. ३० तासांना झेपतील तेवढेच शब्द घ्यावेत. २०० झाले तरी पुरे.

परीक्षेत शब्द वाक्यात विचारावा, एकटा नको. अर्थाने बरोबर असलेलं प्रत्येक उत्तर ग्राह्य धरावं आणि तशी स्पष्ट सूचना उत्तरसूचीवरच छापावी. ‘फ्रेशर’ला पूर्ण गुण मिळालेच पाहिजेत. ‘एफ. वाय.’ लिहिणाऱ्या मुलीला प्रश्न समजला होता, याचीही नोंद गुणांत व्हावी.

पहिल्या सत्रापुरत्या तरी सर्व विषयांच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकांवरच्या सूचना दोन्ही भाषांत द्याव्यात. यासाठी इतर विषयांच्या मंडळांशी बोलावं लागेल. कृपया बोला.

अंतर्गत गुणांपैकी काही गुण मुलाने स्वतः केलेल्या शब्दवहीला द्यावेत. घरात, बाजारात, एसटी स्टँडवर, बियाण्याच्या पाकिटावर दिसलेले इंग्रजी शब्द त्याने गोळा करावेत, त्यांचा अर्थ शोधावा आणि वाक्य करावं. मी हे तीन वर्षं करून घेते आहे, गुण नसतानाही. या वह्या पाहायला तुमच्यापैकी कुणीही कधीही यावं.

इंग्रजीच्या तासाला मराठीचा आधार घेणं हा दोष नाही, असं अभ्यासक्रमाच्या प्रस्तावनेत एका ओळीत लिहावं. त्या ओळीमुळे माझ्यासारख्या अनेकांना मोकळेपणाने शिकवता येईल.

आणि अभ्यासक्रम ठरवताना प्रथम वर्षाच्या वर्गात प्रत्यक्ष उभं राहणाऱ्यांना बोलवावं. ते बहुधा तासिका तत्त्वावरचे आहेत, त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, म्हणून त्यांचं म्हणणं कुठल्याच बैठकीत पोचत नाही. एका दिवसाची बैठक ठेवा. प्रवासखर्च दिला नाहीत तरी आम्ही येऊ.

मुलांच्या शब्दवह्यांतून निवडलेल्या २१४ शब्दांची यादी या पत्राच्या मूळ प्रतीसोबत जोडली आहे. त्यातला पहिला शब्द ‘बोनाफाइड’ आहे, तो ‘एफ. वाय.’ लिहिणाऱ्या त्या मुलीनेच वहीत पहिल्या पानावर लिहिला होता, ‘खरा, बनावट नसलेला’ असा अर्थ देऊन. पुढच्या सत्राचे पेपर काढण्याआधी आपलं उत्तर मिळावं, ही विनंती.

आपली,
प्रथम वर्षाला इंग्रजी शिकवणारी एक शिक्षिका,
माणदेश